पुतण्याचे उपचार: १४४१६ आणि शासकीय रुग्णालयाचा मनोविकार विभाग

माझ्या धाकट्या भावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा शिक्षणासाठी नागपुरात आमच्याकडे राहतो. गेल्या जुलैपासून त्याची झोप गेली, जेवण तुटले आणि पुढे त्याने शिकवणीला जाणेही सोडले. आम्ही प्रथम रामदासपेठेतील एका खासगी दवाखान्यात गेलो. डॉक्टर चांगले होते. परंतु पहिल्या भेटीचे १,२०० रुपये, दर आठवड्याच्या समुपदेशनाचे १,००० आणि औषधे वेगळी, हा खर्च काटोलकडील संत्र्याच्या लहानशा बागेवर घर चालवणाऱ्या भावाला झेपणारा नव्हता. दोन भेटींनंतर "आता बरा आहे तो" असे म्हणून त्याने विषय संपवला, पण पोरगा बरा नव्हता.

सप्टेंबरमध्ये एका रात्री "मी नसतो तर बाबांचे पैसे वाचले असते" असे तो माझ्या पत्नीजवळ बोलला, तेव्हा आम्ही १४४१६ हा क्रमांक लावला. हा टेलि-मानसचा क्रमांक. मानसिक त्रासात फोनवर मदत करणारी केंद्र शासनाची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. समुपदेशक ताईंनी त्याला मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारले. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको ते शिरते ही आमची समजूत चुकीची होती. तो पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलला. नंतर त्यांनी मला विचारले, "गावाकडच्या घरी फवारणीचे औषध कुठे ठेवलेले असते?" ते न्हाणीमागच्या फळीवर, कोणाच्याही हाती लागेल असे असायचे. मी लगेच भावाला फोन केला आणि त्याने बॅटरी घेऊन ते डबे शेजाऱ्यांच्या कोठीत कुलुपात ठेवले. या एका प्रश्नासाठी मी या सेवेचा कायमचा ऋणी आहे.

त्यांच्याच सल्ल्याने आम्ही शहरातील एका शासकीय रुग्णालयात गेलो. (नागपुरात मेडिकल आणि मेयो ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि मिहानमधील एम्स या तिन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहे.) "लोक म्हणतील, पोराला पागलखान्यात नेले," ही भावाची भीती मला समजत होती, कारण त्या नावाचा चौकच या शहरात आहे आणि ते नाव घेऊन आम्हाला लहानपणी धाक दाखवला जाई. परंतु केसपेपर काढून डॉक्टरांना भेटणे म्हणजे मनोरुग्णालयात भरती होणे नव्हे, हे त्याला दोनदा समजावून सांगावे लागले.

पहिल्या दिवशी सकाळी आठला रांगेत उभे राहून आमचा नंबर सव्वाबाराला लागला. एकाच खोलीत दुसरा रुग्णही असल्याने पुतण्या गप्प बसून केसपेपरचा कोपरा कुरतडत राहिला. तरुण मुलांसाठी या विभागात आडोसा हवाच, आणि ही उणीव मला लहान वाटत नाही. दुसऱ्या वेळी आम्ही विनंती केली, तेव्हा निवासी डॉक्टरांनी त्याला आत एकट्याला नेऊन अर्धा तास ऐकून घेतले. औषधाचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी वाढली तर ताबडतोब यावे आणि बरे वाटले तरी गोळ्या मनाने बंद करू नयेत, हे त्यांनी आम्हा दोघांनाही समजावले. बहुतेक गोळ्या रुग्णालयाच्या खिडकीवर मिळतात. एक बाहेरून घ्यावी लागते, आणि महिन्याचा खर्च तीनशे रुपयांच्या आत राहतो. निवासी डॉक्टर बदलत असल्याने सर्व कागद तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावून न्यावेत, नाहीतर मुलाला तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

सहा महिन्यांनंतर तो रात्री झोपतो आणि आमच्याबरोबर जेवतो, शिकवणी मात्र अजून आठवड्यातून तीनच दिवस होते. मागच्या तारखेला त्याने फाईल माझ्या हातून घेतली आणि "मोठे बाबा, तुम्ही बाहेरच बसा" असे म्हणून तो एकटा आत गेला. पुढची तारीख सोमवारची आहे. सकाळची रांग मी लावणार आहे आणि तो शिकवणी आटोपून येणार आहे.