कुत्रा मागे लागला तर पळायचं की थांबायचं, आणि कुत्रा आपलाच असेल तर काय

सायकल घेतली की लोक हेल्मेट कुठलं, लाइट कुठला, सीट कुठली सगळं विचारतात, पण रस्त्यावर खरी तारांबळ उडवतो तो कुत्रा, आणि त्याबद्दल ज्याला विचाराल तो आपलंच खरं करतो. एक म्हणतो जोरात पेडल हाण, मागे बघूच नको. दुसरा म्हणतो उतर आणि उभा रहा. तिसरा म्हणतो स्प्रे घेऊन टाक एक. आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांचं वाक्य ठरलेलं, "काही करत नाही हो तो, खेळायला येतो." मी सायकलपण चालवतो आणि घरात कुत्रापण आहे, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी खातो. म्हणून दोन्ही बाजूंचे पर्याय एका जागी मांडतोय, ज्याला ठरवायचंय त्याने आपापलं बघावं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे, कारण पुढची सगळी तुलना तिच्यावरच उभी आहे. पळणारी वस्तू दिसली की पाठलाग करायचा हे कुत्र्याच्या रक्तातच आहे, त्यात काही जाती तर मुद्दाम त्यासाठीच तयार केल्यात. बॉर्डर कॉली मेंढ्या वळवणारा, ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग गुरांच्या टाचांना चावे घेऊन त्यांना हाकणारा, आणि पेडलवर वरखाली होणारा पाय त्यांना काय वाटत असेल सांगा. दुसरं म्हणजे हद्द. कुत्रा भुंकत धावून आला, सायकलवाला जीव खाऊन पळाला, कुत्र्याच्या हिशेबात झालं काय तर मी धावलो आणि तो गेला. म्हणजे जिंकलो. हे रोज झालं की प्रत्येक पळणारा सायकलवाला त्याचा धडा पक्का करून जातो, आणि पुढच्या वेळी तो अजून लवकर उठतो.

पळणं की थांबणं

साधारण रमतगमत सायकल चालवणारा ताशी १५ ते २० किमीने जातो. मध्यम आकाराचा धडधाकट कुत्रा थोड्या अंतरापुरता ३० च्या पुढे सहज पळतो, ग्रेहाउंड तर ७० च्या आसपास जातो. म्हणजे सरळ शर्यतीत आपण हरणार, चढावर तर विचारूच नका. तरी पळणं कधीकधी जमतं, कारण कुत्रा लांबवर येत नाही, हद्द संपली की बहुतेक वेळा सोडून देतो. उतार आहे, रस्ता मोकळा आहे, कुत्रा आधीच मागे पडलाय आणि एकटाच आहे, तर हाणा खुशाल.

बाकी वेळी पळण्यात जो धोका आहे तो चाव्याचा कमी आणि पडण्याचा जास्त. कुत्रा पाठीमागून सरळ येत नाही, तिरका कापत येतो आणि पुढच्या चाकाशी पोचतो. तो चाकाखाली आला की आपण हँडलवरून पलीकडे, मग कॉलरबोन, मनगट, डोकं जे काय नशिबात असेल ते. दुसरा प्रकार अजून वाईट, कुत्रा डावीकडून आला म्हणून आपण दचकून उजवीकडे वळवतो आणि मागून गाडी येतेय हे बघितलेलंच नसतं. लाथ मारायचा सल्ला देणारेपण भेटतात, तो तर अजिबातच ऐकू नका, एक पाय पेडलवरून सुटला की तोल गेला, आणि तोच पाय कुत्र्याच्या तोंडासमोर आपण स्वतः नेऊन दिला.

थांबणं करायला अवघड आहे कारण अंग ऐकत नाही, पण बहुतेक प्रसंगात तेच चालतं. वेग आधीच कमी करायचा, उतरायचं, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरायची, आणि जाड आवाजात "घरी जा" म्हणायचं. पाळीव असेल तर हे शब्द त्याने ऐकलेले असतात, नसेल तरी आवाज कळतोच. फिरणारी चाकं जाऊन समोर उभा माणूस दिसला की बऱ्याच कुत्र्यांचा पाठलागाचा जोर तिथेच उतरतो. डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही, पाठ फिरवून धावायचं नाही, सायकल मध्ये ठेवूनच हळूहळू मागे सरकत निघायचं आणि बरंच पुढे गेल्यावर बसायचं. क्लिटवाले, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे बूट असतील तर एक पाय आधीच सोडवून ठेवा, ऐनवेळी अडकला की उभ्या उभ्या पडाल. टोळी असेल तर पळणं बादच समजा, त्यात एक हमखास मागून येतो, म्हणून भिंत किंवा उभी गाडी पाठीशी घेऊन उभं राहायचं.

ग्रुपमध्ये जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. पहिला सायकलवाला कुत्र्याला जागं करतो आणि भोगतो तो तिसरा नाहीतर चौथा. पुढच्याने कचकन ब्रेक मारला तर कुत्रा बाजूलाच राहतो आणि सगळे एकमेकांवर आदळतात. त्यापेक्षा पुढच्याने ओरडून सांगावं कुत्रा कुठल्या बाजूला आहे, आणि सगळ्यांनी मिळून वेग उतरवावा.

जवळ काय ठेवायचं

पाण्याची बाटली. माझं मत सरळ हेच. ती आधीच जवळ असते, दाबून तोंडावर पिचकारी मारली की कुत्रा दचकतो आणि आपल्याला दोनचार सेकंद मिळतात, तेवढे पुष्कळ होतात, आणि कुत्र्याला इजा काही नाही. त्रास एवढाच की चालवता चालवता एक हात सुटतो, म्हणून थांबून मारलेलं बरं.

पेपर स्प्रे जास्त जोरकस आहे यात वाद नाही, त्यातलं कॅप्सेसिन कुत्र्याच्या डोळ्यानाकाला झोंबतं आणि तो मागे फिरतो. पण सायकलवर आपण स्वतःच वाऱ्यात शिरत असतो. पुढे फवारलं की त्यातलं बरंच आपल्याच तोंडावर परत येतं, मग डोळे मिटलेले, हात हँडलवर आणि कुत्रा तिथेच. घ्यायचाच असेल तर धुक्यासारखा पसरणारा नको, सरळ धार मारणारा किंवा जेलवाला घ्या, खिशात किंवा बॅगेत नको, हँडलजवळ हात पोचेल तिथे ठेवा, आणि वापरायचा तो उतरून. तुमच्याकडे तो बाळगायला परवानगी आहे का तेही आधी बघा, कारण प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. एकट्याने सुनसान रस्त्याने लांब जाणारा असेल तर स्प्रे घेण्यात अर्थ आहे, घर ते ऑफिसवाल्याला बाटली पुरते.

अल्ट्रासोनिक यंत्राची, म्हणजे कुत्रा पळवायला माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या यंत्राची जाहिरात सगळ्यात झकास असते. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, त्यामुळे कल्पना काही खोटी नाही. पण ऐकू येणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. शांत कुत्रा कान टवकारून थबकेल, पेटलेला कुत्रा ढुंकून बघणार नाही, आणि म्हातारा बहिरा असेल तर बटण दाबत बसा. मी यावर भरवसा ठेवणार नाही. काठी तर नकोच, फिरवताना आपलाच तोल जातो आणि आधी मार खाल्लेलं कुत्रं काठी बघून अजून चवताळतं.

बिस्किटं टाकून दोस्ती करायचा पर्यायपण आहे. रोजचा एकच रस्ता, एकच कुत्रा असेल तर छान चालतो, फक्त मग तो येणाऱ्या प्रत्येक सायकलीकडे बिस्किट मागायला धावतो, तेव्हा बाकीच्यांचा विचार करा थोडा.

आता कुत्रा आपला असेल तर

इथे मी जरा कडक बोलणार आहे. "खेळायला येतो" हे खरं असेलही, पण खेळायला आलेला कुत्रा पुढच्या चाकाखाली आला तरी माणूस तितकाच जोरात आपटतो आणि कुत्र्याचीपण हाडं मोडतात. सायकलवाल्याने कितीही काही जवळ बाळगलं तरी त्याच्या हातात असतात दोनतीन सेकंद, मालकाच्या हातात अख्खा दिवस असतो.

लीशचं, म्हणजे कुत्रा धरायच्या दोरीचं बघू. साधी दीडदोन मीटरची लीश आणि ती आपोआप गुंडाळली जाणारी पाचआठ मीटरची, दुकानात दुसरी जास्त आवडते कारण कुत्र्याला मोकळं वाटतं. पण रस्ता आणि सायकल ट्रॅकवर ती वाईट. मालक एका कडेला, कुत्रा दुसऱ्या कडेला आणि मधे बारीक दोरी, जी सायकलवाल्याला पोचेपर्यंत दिसतच नाही. हिसका बसला की लीशचं हँडल मालकाच्या हातातून सुटतं आणि खडखडत कुत्र्याच्या मागे धावतं, मग तो अजूनच बिथरतो. जिथे सायकली येतात तिथे साधी आखूड लीशच, लांब दोरी मोकळ्या मैदानात. सायकल दिसली की लीश अजून आखूड धरायची, कुत्र्याला बाहेरच्या बाजूला घ्यायचं, बस.

घराचं म्हणाल तर खरं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक याला तोड नाही. जमिनीत वायर पुरून गळ्यातल्या पट्ट्यातून झटका देणारं अदृश्य कुंपण दिसायला सोयीचं, पण पाठलागाच्या भरात कुत्रा झटका सोसून पार होतो आणि जोर ओसरल्यावर झटक्याच्या भीतीने परत यायला तयार होत नाही. शिवाय सायकलवाल्याला कुंपण दिसत नसतं, त्याला दिसतो फक्त सुसाट येणारा कुत्रा. कायम साखळीला बांधून ठेवणं हापण उपाय नाही, दिवसभर समोरून जाणाऱ्या चाकांवर भुंकून तो नुसता तुंबत जातो, आणि साखळी सुटली त्या दिवशी काय होईल ते सांगायला नको.

मझलमध्ये, म्हणजे चावू नये म्हणून तोंडावर चढवायच्या मुसक्यात, जाळीचा आणि कापडी असा फरक आहे आणि तो मोठा आहे. कुत्रा घामाने नाही, धापा टाकून अंग थंड करतो. कापडी मझल तोंड आवळून धरतो, तो डॉक्टरकडे दोनपाच मिनिटांपुरता ठीक, फिरायला नको. जाळीच्या मझलमध्ये तोंड उघडतं, पाणी पिता येतं. पण मझलने फक्त चावा थांबतो, चाकात घुसणं नाही, म्हणजे लीश सुटत नाहीच.

आणि शिकवणं. याला वेळ लागतो, पण मुळाशी हात घालणारा पर्याय हाच. आधी नुसती उभी सायकल लांबवर, कुत्रा बघतो आणि शांत राहतो की खाऊ. मग कुणीतरी ती हातात धरून चालवतंय, मग हळू बसून, मग जरा वेगात, आणि प्रत्येक वेळी अंतर इतकं की तो उसळणार नाही. उसळला तर ओरडायचं नाही, आपण फार जवळ गेलो असं समजून मागे यायचं. शॉक कॉलरने हे झटपट होतं म्हणणारे भेटतील. पण सायकल दिसली की दुखतं एवढंच कुत्रा शिकला तर सायकलीवरचा राग वाढायचीच शक्यता जास्त, वेल्समध्ये तर २०१० पासून त्यावर बंदीच आहे. कॉली वगैरे कामाच्या जातींना रोज भरपूर पळणं आणि डोक्याला काम दिलं नाही तर नुसत्या शिकवणीवर भागत नाही.

ठरवायचं झालं तर लीश आणि फाटक आजपासून, शिकवणं या आठवड्यात सुरू, आणि आधी कुणाला चावलाय असा कुत्रा असेल तर वरून जाळीचा मझल.

आणि चावलाच तर यात तुलना नाही, एकच रस्ता. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवायची, वर काहीबाही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास वाचतच नाही, आणि माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत केसेस कुत्र्यांमुळे होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनपण लागतं, ते द्यायचं का हे डॉक्टरला स्वतःहून विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का तेही. मालक असाल तर वाद घालत बसू नका, कुत्र्याच्या लसीचं कार्ड दाखवा, नाव नंबर द्या आणि कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवा. तो दहा दिवस धडधाकट राहिला तर पुढचे डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतील. पण पहिला डोस त्यासाठी अडवायचा नाही, आणि कुत्रा मोकाट असेल, पुन्हा सापडणारच नसेल, तर सगळे डोस पूर्ण करायचे.