ओटीजीत चिकट दालचिनी रोल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

३० लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर), तापणाऱ्या दांड्या वर दोन, खाली दोन, १५०० वॅट, पंखा नाही. केक, पाव, नानकटाई सगळं यात होतं. तरी इथे लिहितोय ते फक्त तळाला पाक आणि वर दालचिनीची गुंडाळी असलेल्या रोलबद्दल, कारण या ओव्हनचा कस तिथेच लागतो. केक जरा कोरडा झाला तर चहात बुडवून संपतो. पाक करपला की आख्खा साचा कडू.

निकाल आधीच सांगतो. रोल झकास होतात, पण नॉबवरच्या आकड्याच्या भरवशावर नाही. नॉब १८० वर असताना आत टांगलेला थर्मामीटर १६५ ते २०० मध्ये हेलकावे खातो. दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार झाला, असंही नाही. तेव्हा हवा तापलेली असते, पत्रा नाही. दिवा पहिल्यांदा विझल्यावर आणखी दहा मिनिटं थांबायचं. नवे साचे घेण्याआधी टांगायचा थर्मामीटर घ्या. आणि हो, प्लग १६ अँपिअरच्या पॉइंटलाच लावा. मोबाइल चार्जरच्या पॉइंटवर हे प्रकरण चालवू नका.

मुख्य भानगड खालच्या दांडीची. ती साच्याच्या बुडाला थेट आच देते आणि नेमका तिथेच पाक असतो. वीस मिनिटांत पाक काळा आणि मधला रोल कच्चा, ही तक्रार जवळपास सगळ्यांची असते. उपाय फुकटचा आहे. ओव्हनबरोबर आलेला ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत रिकामाच सरकवायचा आणि साचा त्याच्या वरच्या खाचेतल्या जाळीवर ठेवायचा. थेट आच ट्रे झेलतो. साचा फिक्या रंगाचा ॲल्युमिनियमचा, ८ इंची, निदान २ इंच उंच. काळा साचा बुडाला लवकर जाळतो. सुट्या तळाचा साचा तर घेऊच नका, त्यातून पाक गळून दांडीवर पडतो आणि स्वयंपाकघरभर धूर होतो.

पाकाला पाक म्हणतात, पण तो शिजवायचा नाही. ६० ग्रॅम बटर, ९० ग्रॅम ब्राउन शुगर, ३० ग्रॅम काकवी, एक मोठा चमचा दूध आणि चिमूटभर मीठ मंद आचेवर नुसतं वितळवायचं, एकजीव झालं की गॅस बंद. गॅसवर उकळी आणून पुन्हा अर्धा तास ओव्हनमध्ये घातलं की त्याची चिक्की होते, रोलला चिकटते आणि दाताला लागते. काकवी चवीपुरती नाही. तिच्यातलं ग्लुकोज-फ्रुक्टोज साखरेला पुन्हा खडे धरू देत नाही. नुसती साखर आणि बटर घेतलं तर दुसऱ्या दिवशी पाक साखरतो, वर रवाळ थर येतो. काकवी नसेल तर मध चालतो. सगळीच साखर काढून गूळ घालायचा मोह होतो. चव छान येते, पण गूळ लवकर तांबूस होतो, म्हणून निम्म्यापुढे जाऊ नका.

आता पीठ. २० ग्रॅम मैदा १०० मिली दुधात सतत ढवळत शिजवायचा, पुस्तकं चिकटवायच्या खळीइतका दाट होईपर्यंत. ही खळ पाणी धरून ठेवते, म्हणून रोल दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. ती पूर्ण गार झाली की ३३० ग्रॅम मैदा, १३५ मिली दूध, ४० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ५ ग्रॅम मीठ. दुधातलं १५ मिली हातचं राखा. आपल्याकडच्या बऱ्याच मैद्यांच्या पाकिटांवर प्रथिनं १०-११ ग्रॅम दिसतात, आणि असा मैदा परदेशी पाककृतींतल्या ब्रेडच्या पिठाइतकं दूध पीत नाही. तिथलं माप जसंच्या तसं घेतलं की ओट्यावर चिखल होतो. आठ मिनिटं मळून झालं की ५० ग्रॅम मऊ बटर तीन वेळा थोडं थोडं घालून आणखी आठ-दहा मिनिटं. बटर घातल्यावर गोळा फाटल्यासारखा होतो. घाबरून मैदा भुरभुरू नका, मळत राहा, तो परत जुळतो. बटर खारं असेल तर मीठ ४ ग्रॅम.

उन्हाळ्यात दूध फ्रिजमधलं थंडगार घ्या. मळून झाल्यावर गोळा २६-२७ अंशांवर हवा. मे महिन्यात कोमट दुधाने तो सहज ३२ च्या वर जातो, तासाभरात भसाभसा फुगतो आणि आंबूस वास मारतो. यीस्ट फोडलं की हवाबंद बरणीत फ्रीजरमध्ये.

दालचिनी सारणातच घाला, पिठात नको. तिला वास देणारं रसायन, सिनॅमाल्डिहाइड, यीस्टला मंद करतं. ४० ग्रॅम बटर, ७० ग्रॅम ब्राउन शुगर, ८ ग्रॅम ताजी कुटलेली दालचिनी आणि एक लहान चमचा मैदा. हा चमचाभर मैदा विसरलात तर सारण वितळून गुंडाळीतून वाहून जातं. बाजारातली जाड सालीची तिखट दालचिनी बहुधा कॅसिया, म्हणजे दालचिनीची वेगळी जात असते. कोकणातली पातळ सालीची मिळाली तर ८ ऐवजी १० ग्रॅम घ्या, कारण ती सौम्य असते.

गोळा फुगून आला की पोळी ३६ बाय ३० सेंटिमीटर लाटा, लांब बाजूने सैलसर गुंडाळा. घट्ट गुंडाळलं की भाजताना मधला भाग शिखरासारखा वर येतो. सुरीने कापलं की गुंडाळी चेपते. पापडाच्या लाट्या कापतात तसा दोरा खालून घालून, वर फासासारखा ओढून कापा. ४ सेंटिमीटरचे नऊ तुकडे होतात. पाकावर दीड बोटाच्या अंतराने मांडा.

मांडलेला साचा झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवता येतो, १२ तासांपर्यंत बिनधास्त. सकाळी उन्हाळ्यात पाऊण तास, पुण्याच्या डिसेंबरात दीड तास बाहेर. घड्याळापेक्षा बोट बघा. हलकं दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला की ओव्हनमध्ये. झटकन भरला तर थांबा. भरलाच नाही तर उशीर झालाय, लगेच भाजा.

थर्मामीटरवर १७५ अंश, ३० ते ३२ मिनिटं. १८ मिनिटांनी वर फॉइल. मधल्या रोलमध्ये टोचलेल्या थर्मामीटरने ९०-९२ दाखवलं की झालं. वरचा रंग फसवा असतो. भाजताना लाइट गेली तर दार उघडू नका. बाहेर काढल्यावर चार मिनिटं थांबून ताटावर उलटा. लगेच उलटलं तर पाक पाण्यासारखा पळतो, दहा मिनिटं थांबलं तर साच्यालाच बसतो. बसलाच तर साचा मंद गॅसवर अर्धा मिनिट फिरवा. हातमोजे मनगटाच्या वरपर्यंतचे हवेत. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो.

आठ महिन्यांनी ओव्हनमध्ये काय बदललं? दाराची काच आतून तपकिरी झाली. ती सोड्याच्या लेपाने निघते. टायमर शेवटची पाच मिनिटं घाईत संपवतो, म्हणून मोबाइलवरच वेळ लावतो. थर्मोस्टॅट पहिल्या महिन्यापेक्षा दहा-बारा अंशांनी पुढे पळतोय, म्हणजे १७५ साठी नॉब आता १६५ च्या जरा अलीकडे. तिथे परमनंट मार्करने ठिपका मारलाय, दर दोन महिन्यांनी तो पुसून नवा मारावा लागतो.