क्लबची ऑफिशियल मेंबरशिप की आपल्या गावातला सपोर्टर्स क्लब, पैसे कुठे घालावेत?

दर वर्षी जूनच्या मध्यावर प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचं, फिक्स्चर (मॅचेसचं वेळापत्रक) लागतं आणि आमच्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो, या सिझनला मेंबरशिप घ्यावी का. विचारणारा बहुतेक वेळा नुकताच नोकरीला लागलेला असतो, हातात पहिल्यांदाच स्वतःचे पैसे आलेले असतात आणि क्लबवर खरोखर जीव असतो. मी दोन्हीकडे पैसे भरलेत, इंग्लंडमधल्या माझ्या क्लबची मेंबरशिप काही सिझन घेतली आणि पुण्यातल्या सपोर्टर्स क्लबची, म्हणजे त्या क्लबच्या इथल्या फॅनच्या ग्रुपची, वर्गणी आजही भरतो, म्हणून जे अनुभवलं ते लिहितोय. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण मोठ्या क्लबांत थोड्याफार फरकाने हीच पद्धत आहे. मेंबर पॅकमध्ये स्कार्फ मिळतो की पिन, दुकानात किती टक्के सूट, हे साइटवर दिलेलं असतं त्यामुळे त्यात जात नाही.

मेंबरशिप घेताना आपण नेमकं काय विकत घेतो? तिकीट नाही, तिकीट मागायचा हक्क. लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर आता साधारण 61 हजार लोक बसतात, आर्सेनलच्या एमिरेट्सवर 60 हजार सातशेच्या आसपास, आणि त्यातल्या बऱ्याच खुर्च्या सिझन तिकीटवाल्यांच्या, म्हणजे पूर्ण सिझनचं तिकीट एकदम घेणाऱ्यांच्या असतात. ज्यांचे आजोबा-वडील त्याच स्टँडमध्ये बसायचे अशी ती माणसं, त्यांचा हक्क पहिला, याबद्दल मला काही म्हणायचं नाही. उरलेल्या खुर्च्यांसाठी जगभरचे मेंबर. आर्सेनलने 2023-24 पासून रेड, म्हणजे साध्या मेंबरांसाठी बॅलट सुरू केलं, म्हणजे नाव घालायचं आणि ड्रॉची वाट बघायची. मला विचाराल तर रांगेपेक्षा ड्रॉ बरा, कारण ऑनलाइन रांगेत ऑफिसच्या वेळेत लॅपटॉपचा एक कोपरा अडवून बसावं लागतं आणि आकडा हळूहळू खाली येत असताना मॅनेजर बाजूला येऊन उभा राहतो. तरी दोन्हीत गोष्ट तीच, मेंबर जास्त आणि जागा कमी.

हे सगळं मला मान्य होतं, आवडत्या क्लबसाठी एवढं चालतं. मी मेंबरशिप सोडली ती वेगळ्याच कारणाने आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण भारतातून जाणाऱ्याला तेच सगळ्यात जास्त नडतं आणि मेंबरशिप घेताना त्याबद्दल कोणी बोलत नाही.

सगळा क्रमच उलटा आहे. आधी मेंबरशिपचे पैसे, मग ड्रॉ, मग तिकिटाचे पैसे, आणि मॅच नक्की कुठल्या दिवशी हे सगळ्यात शेवटी. फिक्स्चर यादीत शनिवार लिहिलेला असतो, पण टीव्हीवाले मॅच निवडतात तेव्हा तो शनिवार दुपारी साडेबारा होऊ शकतो, रविवार होऊ शकतो, सोमवार रात्र होऊ शकते आणि ही निवड जाहीर होते साधारण महिना-दीड महिना आधी. तुमचा क्लब युरोपा लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या गुरुवारच्या स्पर्धेत असेल तर गुरुवारी खेळल्यावर शनिवारची मॅच रविवारी ढकलली जाते. कप फायनल आडवी आली तर मॅच उचलून थेट दुसऱ्या महिन्यात. लंडनमध्ये राहणाऱ्याला याचा फार त्रास नाही, तो शनिवारऐवजी सोमवारी ट्रेन पकडतो. आपल्याला मात्र रजा मंजूर करून घ्यायची असते, व्हिसाचा अर्ज, बायोमेट्रिक, पासपोर्ट परत यायची वाट, आणि विमानाचं स्वस्त तिकीट तर तीन-चार महिने आधीच काढायला हवं. म्हणजे ज्या वेळी आपल्याला तारीख हवी असते त्या वेळी ती कोणाकडेच नसते आणि ज्या वेळी ती मिळते त्या वेळी विमानाचं तिकीट दुप्पट झालेलं असतं.

आणि याची दुसरी बाजू. समजा तुम्ही शहाणपणाने आधी रजा घेतली, व्हिसा काढला, सगळं पक्कं केलं आणि ऑक्टोबरमध्ये मेंबरशिप घ्यायला गेलात, तर डिसेंबरपर्यंतच्या घरच्या मॅचेसची विक्री उन्हाळ्यातच उरकलेली असू शकते. म्हणजे सिझनच्या सुरुवातीला, आपल्याला जाता येईल की नाही हे माहीतही नसताना मेंबर होऊन नाव घालावं लागतं. त्यात बरोबर बायको येणार असेल तर तिची वेगळी मेंबरशिप, बाबा येणार असतील तर त्यांचीही, कारण प्रत्येक तिकीट एकेका मेंबरच्या नावावर असतं आणि खुर्च्या शेजारी हव्या असतील तर खाती एकमेकांना जोडून अर्ज करायचा. आमच्या घरी एका सिझनला अशा मेंबरशिप घेतल्या, ड्रॉमध्ये नाव लागलं, आणि मग मॅच सरकली ती नेमकी ज्या आठवड्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं त्या आठवड्यात. तिकिटं परत घ्यायची सोय होती, पैसे बुडाले असं नाही. पण पुढच्या जूनमध्ये ईमेल आला तेव्हा मी रिन्यू केलं नाही.

बाहेरून ब्लॅकने घेऊ असं कोणाच्या मनात असेल तर नको. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आता बहुतेक तिकिटं फोनवरच्या पासमध्ये असतात त्यामुळे दुसऱ्याच्या नावावर गेटवर अडकायची भीती वेगळीच. मेंबरशिपचा मला एक खरा उपयोग दिसला तो म्हणजे क्लबचा स्वतःचा एक्सचेंज. सिझन तिकीटवाले येणार नसतील तेव्हा आपली खुर्ची तिथे सोडतात आणि मॅचच्या आठवड्यात रोज थोडी-थोडी तिकिटं येत राहतात. तुम्ही त्या आठवड्यात इंग्लंडमध्येच असाल, एकटेच असाल आणि फोन हातात धरून रिफ्रेश करायची तयारी असेल तर तिकीट मिळण्याची शक्यता मला तरी ड्रॉपेक्षा जास्त वाटली. म्हणून कंपनीच्या कामाने तिकडे वर्षभरासाठी गेलेल्या माणसाला मी मेंबरशिप घे असंच सांगतो, त्याचं गणित वेगळं आहे.

आता सपोर्टर्स क्लब. पुण्या-मुंबईत मोठ्या इंग्लिश क्लबांचे मान्यता असलेले ग्रुप आहेत, वर्षाची वर्गणी क्लबच्या मेंबरशिपपेक्षा बरीच कमी, त्यात कार्ड, कधी टी-शर्ट, पबमध्ये बिलावर थोडी सूट. कागदावर हे काहीच नाही. पण माझ्या वापराचा विचार केला तर एका सिझनमध्ये मी अॅनफिल्ड किंवा एमिरेट्ससारख्या मैदानावर जास्तीत जास्त एकदा जाणार, तेही जमलं तर, आणि बाणेरच्या स्क्रीनिंगला, म्हणजे पबमध्ये सगळे मिळून मॅच बघायला मात्र जवळपास दर पंधरा दिवसांनी जातो. इंग्लंडच्या दुपारी तीनची मॅच आपल्याकडे ऑक्टोबरअखेरपर्यंत साडेसातला आणि मग थंडीत साडेआठला, म्हणजे जेवणाची वेळ, कुटुंबासकट जाता येतं. त्यातही एक गोष्ट मला फार भारी वाटते, शनिवारी तीनच्या मॅचेस खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत, स्टेडियम रिकामी पडू नयेत म्हणून जुना नियम आहे, आणि आपण मात्र इथे बसून त्या लाइव्ह बघतो.

माणसं मिळतात हा खरा फायदा. 2020 मध्ये सगळं बंद होतं तेव्हा याच ग्रुपमधल्या पोरांनी ऑक्सिमीटर आणि डबे पोचवले होते, एकमेकांचं आडनावही धड माहीत नसताना. नवीन शहरात नोकरीला आलेल्या माणसाला शनिवारी संध्याकाळी जायला एक जागा असते जिथे त्याला कोणी कुठल्या कंपनीत, किती पॅकेज असं विचारत नाही, फक्त डावीकडचा बॅक का खेळवला यावर वाद. माझी मुलगी ऑफसाइड शिकली ती तिथल्या एका काकांकडून, टेबलावर मीठ-मिरीच्या डब्या मांडून. हे कुठल्याही मेंबर पॅकमध्ये येत नाही.

अडचणी आहेतच, लपवत नाही. सगळा कारभार तीन-चार जणांच्या खांद्यावर असतो, त्यातला एक बंगळुरूला गेला की सहा महिने काही हलत नाही. पबमध्ये कव्हर चार्ज वेगळा. चॅम्पियन्स लीगच्या रात्री तर प्रश्नच, मॅच हिवाळ्यात रात्री दीडला सुरू होते आणि पुण्यातले पब दीडला बंद होतात, मग कोणाच्या तरी घरी. मोठी मॅच असली की आवाज, दारू, कधी शिवीगाळ, त्यामुळे काही बायकांना अवघडल्यासारखं होतं हे मी ऐकलंय आणि ते खरं आहे. आमच्याकडे आता एक कोपरा फॅमिलीसाठी ठेवतात, सगळीकडे ठेवतातच असं नाही, वर्गणी भरायच्या आधी एकदा जाऊन बघून या.

तिकिटाचंही सांगतो. मान्यता असलेल्या ग्रुपांना क्लबकडून सिझनला थोडा कोटा मिळतो. थोडाच, पण मागणारेही मोजके असतात आणि कोण कधी जाणार आहे हे कमिटीला माहीत असतं. काही क्लबांत या कोट्यासाठीही ऑफिशियल मेंबरशिप लागते, ते आधी विचारून घ्यायचं. तरी त्या वेळी मेंबरशिप घेताना निदान आपण जाणार हे नक्की असतं.

एक मुद्दा मात्र मला अडवतो आणि तो सोडून पुढे जाणं बरोबर वाटत नाही. बरेच जण म्हणतात, तिकीट मिळो न मिळो, मेंबरशिप म्हणजे क्लबला आपला हातभार. भावना मला समजते. पण या पैशाने आपण क्लबचे कोणी होतो का? म्युनिकला माझा मावसभाऊ तिथल्या बायर्न या फुटबॉल क्लबचा मेंबर आहे. तिथे बायर्नचे 75 टक्के शेअर मेंबरांच्या मूळ संस्थेकडे आहेत, बाकीचे आदिदास, आउडी आणि अलियान्झकडे, आणि जर्मनीत 50 अधिक 1 चा नियम आहे, म्हणजे मतांचा ताबा मेंबरांच्या संस्थेकडेच राहतो. नोव्हेंबर 2021 च्या वार्षिक सभेत कतार एअरवेजच्या स्पॉन्सरशिपवरून मेंबरांनी पदाधिकाऱ्यांना भर सभेत जाब विचारला, हुर्यो उडवली, आणि 2023 मध्ये तो करार पुढे वाढला नाही. एप्रिल 2021 मध्ये सुपर लीगची, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या लीगची घोषणा झाली तेव्हा इंग्लंडच्या सहा क्लबांनी सही केली होती, जर्मनीचे बायर्न आणि डॉर्टमुंड त्यात नव्हते. इंग्लिश फॅन रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत क्लब मागे फिरले, पण त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं, मत द्यायची सोय नव्हती. तिकडे मेंबरशिपला मी डोळे झाकून पैसे देईन, तिकीट मिळालं नाही तरी.

पुणेकराला हे जास्त लागतं. आमच्या शहराचे क्लब बघा, पुणे एफसी 2007 ते 2015. भारत एफसी आय-लीगमध्ये एक सिझन. एफसी पुणे सिटी 2014 ला आली, बालेवाडीला नारंगी जर्सी घालून आम्ही ओरडलो, आणि 2019 मध्ये बंद, फ्रँचायझी हैदराबादला. कोणी आम्हाला विचारलं नाही आणि विचारायचा कोणाला अधिकारही नव्हता. 2002 मध्ये लंडनमधल्या विम्बल्डनचा फुटबॉल क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली तेव्हा तिथल्या फॅननी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, खालच्या पायरीपासून चढत 2011 मध्ये फुटबॉल लीगमध्ये आले, आणि आजही क्लब त्यांच्या ट्रस्टच्या ताब्यात आहे. अशी मेंबरशिप बालेवाडीत कोणी दिली असती तर मी घरातल्या सगळ्यांच्या नावाने घेतली असती.

मेंबर आणि खुर्च्या यांचं भांडण मुंबईच्या क्रिकेटला तर जुनंच आहे. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, तिथे तिकिटं किती कोणाला यावरून मुंबई क्रिकेट असोसिएशनशी इतकं फाटलं की असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडेंनी थोड्याच अंतरावर नवं स्टेडियम उभं केलं आणि जानेवारी 1975 मध्ये तिथे पहिली टेस्ट झाली, क्लाइव्ह लॉइडचे नाबाद 242. आता त्याच वानखेडेवर मुंबई इंडियन्सची पैसे भरून मेंबरशिप आहे, मेंबरांना तिकिटं आधी खुली होतात. दादर-ठाण्यात राहणाऱ्याला तिचा उपयोग जास्त होईल असं मला वाटतं, कारण मॅच एक दिवस सरकली तरी लोकल आहेच.

तर तुमचं काय ते बघा. या सिझनला इंग्लंडला जाणं शंभर टक्के ठरलेलं असेल आणि तारखा पुढे-मागे करता येत असतील तर ऑफिशियल मेंबरशिप घ्या, घेताना ऑटो-रिन्यू बंद करा, आणि सगळ्यात साधी घ्या, पॅकवाली नको. मोठ्या डर्बीच्या, म्हणजे शेजारच्या कट्टर क्लबशी असलेल्या मॅचच्या मागे न लागता लीग कप या दुय्यम स्पर्धेची सुरुवातीची फेरी किंवा खालच्या टीमशी असलेली घरची मॅच धरा. जाणं नक्की नसेल तर त्या पैशात सपोर्टर्स क्लबची वर्गणी भरा आणि उरलेल्यात जर्सी घ्या. दोन्हीचा मोह असेल तर आधी शनिवारच्या एका स्क्रीनिंगला येऊन बसा, पहिल्यांदा येणाऱ्याकडून आम्ही वर्गणी घेत नाही.