जुनी कॅम्पर घाटात तापते: रेडिएटर साफ करायचा, कोर बदलायचा की सरळ नवा घ्यायचा?

आमची जुनी ट्रॅव्हलर व्हॅन कॅम्पर (राहता येईल अशी गाडी) करून पहिल्यांदाच साताऱ्याकडे निघालो आणि खंबाटकी घाट चढताना टेम्परेचरचा काटा लालला टेकला. पुढच्या आठवड्यात तीन गॅरेज फिरलो तर तीन सल्ले मिळाले, एक म्हणे साफ करून घ्या, दुसरा म्हणे कोर, म्हणजे रेडिएटरचं मधलं नळ्यांचं जाळं, नवं टाका, तिसऱ्याकडे अॅल्युमिनियमचा नवाकोरा रेडिएटर काउंटरवर तयारच. गाडी नेमकी कधी तापते हे मात्र तिघांपैकी एकानेही विचारलं नाही.

खरं तर सगळं तिथूनच कळतं. ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काटा खाली येतो, तर आधी फॅन बघा, बेल्ट ढिला असेल नाहीतर फॅन फिरवणारं व्हिस्कस कपलिंग गेलं असेल. ट्रॅफिकमध्ये ठीक, पण घाटात किंवा हायवेला लोडवर तापते, तर रेडिएटर चोक असल्याचा दाट संशय. आणि पाणी सारखं कमी होतंय, खाली थेंब दिसत नाही, इंजिन चालू असताना रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे येतायत, रात्रभर उभी राहूनही सकाळी वरचा होज पाईप टणकच लागतो, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यातलं सील) गेलंय, तिथे नवा रेडिएटर लावणं म्हणजे शब्दशः पैसे पाण्यात.

आमची केस यातली दुसऱ्या नंबरची, घाटात तापण्याची होती, म्हणून पुढचं सगळं रेडिएटरबद्दल.

साफ करणं म्हणजे नुसतं पाणी मारणं नाही, तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाक्यांचा डाग (सोल्डरचा जोड) सोडवून प्रत्येक नळीतून पट्टी फिरवतात, याला रॉडिंग म्हणतात. सगळ्यात स्वस्त, एका दिवसात होतं. पण बोअरचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलेला कोर असेल तर क्षार निघताना पातळ झालेल्या नळ्याही फुटतात आणि मग गळती सुरू. नळ्यांबाहेरच्या पातळ पत्र्याच्या जाळ्या हाताने चुरगळत असतील तर रॉडिंगच्या नादाला लागू नका, नळ्या साफ झाल्या तरी उष्णता बाहेर टाकणार कोण? आमच्या नळ्यांत तर पिवळा चिखल निघाला, आधीच्या मालकाने गळती थांबवायला हळद टाकली असणार, हा ट्रकवाल्यांचा जुना उपाय, गावापर्यंत पोचायला ठीक आहे पण नंतर कुणी धुवून काढत नाही.

कोर बदलणं म्हणजे टाक्या जुन्याच, मधलं जाळं नवं. खर्च रॉडिंगपेक्षा बराच जास्त, पण माप आणि माउंटिंग तेच राहतं, वर जास्त नळ्यांच्या ओळींचा कोर मागता येतो. कॅम्परला याचा खरा फायदा, कारण १०० लिटरची पाण्याची टाकी म्हणजेच १०० किलो, त्यात प्लायवूड, बॅटऱ्या, फ्रिज. आणि पुढे कुठे गळलाच तर तालुक्याच्या गावातला रेडिएटरवालाही डाग मारून देतो.

अॅल्युमिनियमचा हलका असतो, चांगल्या मेकचा असेल तर गारही छान करतो. पण त्याच्या प्लास्टिकच्या टाक्या कडा दुमडून बसवलेल्या असतात, तिथे तडा गेला तर रस्त्यावर काही करता येत नाही, आणि जुन्या गाडीत ब्रॅकेट जुळवताना वेल्डिंगवाल्याचं बिल वेगळं. तुमच्या गाडीला मुळातच तसा असेल तर मात्र रिपेअरच्या भानगडीत पडू नका, नवाच घ्या.

मी कोर टाकला. गाडी वर्षभरात विकायची असती आणि जाळ्या धड असत्या तर रॉडिंगवर भागवलं असतं.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाका, गाडी गार राहील, हा सल्ला हमखास मिळतो. काढू नका. या जुन्या मर्सिडीज घराण्यातल्या डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट गरम झाल्यावर बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाटही बंद करतो, तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात फिरतं आणि घाटात उलट जास्त तापते. तो तपासायचा असेल तर गॅसवर पातेल्यात उकळा, साधारण ८० ते ९० डिग्रीच्या दरम्यान उघडायला लागला पाहिजे.

इलेक्ट्रिक फॅन ट्रॅफिकसाठी ठीक, घाटातल्या चोक रेडिएटरवर उपाय नाही. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसारखीच दिसणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे असतो, त्यातला चिखल आणि किडे आधी इंजिनच्या बाजूने हलक्या पाण्याने काढा, प्रेशर वॉशरने जाळ्या वाकतात. आणि रेडिएटरची कॅप नवीनच टाका, सगळ्यात स्वस्त पार्ट तोच, प्रेशर धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं. जुन्या कॅपवर प्रेशरचा जो आकडा असेल तोच घ्या, आणि इंजिन गरम असताना ती उघडायला जाऊ नका.

कोर टाकणार असाल तर जुना गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, तांबं-पितळ भंगारात वजनावर जातं, निदान कुलंटचे पैसे निघतात.