ऑलिंपिया स्नो की सुझन कॉलिन्स : अभ्यासासाठी कोणाची कारकीर्द निवडावी?

अमेरिकी सिनेटमधील मध्यममार्गी राजकारणावर दीर्घ निबंध लिहू पाहणारा अभ्यासक फिरून फिरून मेन राज्याच्या दोन रिपब्लिकन सिनेटरांपाशी येतो. ऑलिंपिया स्नो १९९५ ते २०१३ या काळात सिनेटमध्ये होत्या; सुझन कॉलिन्स १९९७ मध्ये तेथे आल्या. मोठ्या प्रसंगी दोघींची मते पुष्कळदा सारखीच पडली. क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाचे दोन्ही आरोप दोघींनीही १९९९ मध्ये फेटाळले, आणि २००९ च्या आर्थिक उभारीच्या विधेयकाला पाठिंबा देणाऱ्या अवघ्या तीन रिपब्लिकन सिनेटरांत दोघीही होत्या. त्यामुळे निवड करताना मी बराच काळ अडलो होतो. शेवटी स्नो यांच्यावर लिहिले.

कॉलिन्स यांचे पारडे हलके आहे असे मुळीच नाही. २०१७ च्या जुलैमध्ये ओबामांच्या काळातील आरोग्य विमा कायदा मोडीत काढण्याचा प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला, तेव्हा विरोधात गेलेल्या तीन रिपब्लिकनांत त्या होत्या. राष्ट्राध्यक्षपदाच्या मतमोजणीची पद्धत स्पष्ट करणारा २०२२ चा कायदा त्यांनी डेमोक्रॅट सिनेटर जो मॅन्चिन यांच्यासह पुढे रेटला, आणि तो माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ कामांपैकी एक आहे.

तरीही लिहायला बसलो की एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. ब्रेट कॅव्हानॉ यांच्या सर्वोच्च न्यायालयातील नियुक्तीला पाठिंबा देताना, ऑक्टोबर २०१८ मधील प्रदीर्घ भाषणात, गर्भपाताचा हक्क टिकेल हा कॉलिन्स यांचा विश्वास बऱ्याच अंशी कॅव्हानॉ यांनी प्रत्यक्ष भेटीत त्यांना जे सांगितले त्यावर उभा होता. २०२२ मध्ये न्यायालयाने तो हक्क काढून घेतला, तेव्हा हे आपल्याला सांगितले गेले होते त्याच्याशी विसंगत आहे, असे कॉलिन्स म्हणाल्या. त्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका घ्यायची नाही. परंतु ज्या निर्णयाचा आधार बंद दाराआडच्या बोलण्यात आहे तो बाहेरच्या अभ्यासकाने तपासायचा कसा? माझ्या मसुद्यात तर्क संपून अंदाज सुरू होत असे ते नेमके याच ठिकाणी.

स्नो यांच्याकडे वळल्यावर ही अडचण बरीच कमी झाली, कारण त्यांच्या अटी आकड्यांत सापडतात. २००३ मध्ये बुश यांनी ७२६ अब्ज डॉलरची करकपात मागितली असता, स्नो यांनी रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज व्हॉइनोविच यांच्यासह ३५० अब्जांची मर्यादा धरून ठेवली, आणि अंतिम विधेयक पटले नाही तेव्हा त्याच्या विरोधात मत दिले. कॉलिन्स बाजूने गेल्या, आणि बरोबरी उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांच्या मताने सुटली. दोघींतील फरक याहून स्वच्छपणे दाखवणारा प्रसंग मला आढळला नाही.

स्नो यांच्यावरही आक्षेप घेता येतो, आणि तो गंभीर आहे. १३ ऑक्टोबर २००९ रोजी सिनेटच्या अर्थसमितीत ओबामांच्या आरोग्य विधेयकाच्या बाजूने मत देणाऱ्या त्या एकमेव रिपब्लिकन होत्या, आणि डिसेंबरमध्ये सभागृहात त्यांनी विरोधी मत दिले. काहींना ही माघार वाटते. मात्र आजच्या मतावरून उद्याच्या मताचा अंदाज बांधू नये, असे त्यांनी समितीतच बजावले होते, आणि पुढे घाईच्या वेळापत्रकावर जाहीर आक्षेपही घेतला होता. निष्कर्ष पटो वा न पटो, कारणे समोर मांडलेली आहेत. पक्षांतरबंदी कायद्याखालील सभागृहांची सवय असलेल्या आपल्या वाचकाला, पक्षादेशाविना एकटा सदस्य किती ताणून धरू शकतो हे समजून घेण्यासाठी हे अडीच महिने पुरेसे आहेत.

ज्यांना २०१६ नंतरचा रिपब्लिकन पक्षच अभ्यासायचा आहे, त्यांना कॉलिन्स यांच्याशिवाय पर्याय नाही, कारण स्नो यांनी २०१२ च्या फेब्रुवारीतच पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले होते. बाकीच्यांनी स्नो यांचा विचार आधी करावा, आणि सुरुवात अर्थसमितीतील त्या मतदानापासून करावी, असे मला वाटते.