जवळचं स्टेशन रेडिओवर चढून बसतंय: अँटेना फिरवावी, सिग्नल कमी करावा, ट्रॅप लावावा की रेडिओ बदलावा?

पर्याय चार आहेत, पण चौघांचं काम एक नाही. म्हणून आधी त्रास कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. ते न करता नवा रेडिओ घेतला, तर तोच त्रास नव्या डब्यातून ऐकू येऊ शकतो.

पहिली जात शेजाऱ्याची. नको असलेलं स्टेशन अवघं ९ किंवा १० किलोहर्ट्झ दूर असतं आणि त्याच्या बोलण्यातले स, श, च फसफसत हव्या स्टेशनावर सांडतात. दुसरी जात इमेजची, म्हणजे एकाच स्टेशनाच्या दुसऱ्या जागी उमटणाऱ्या प्रतिमेची. साध्या रेडिओची आयएफ (आलेला सिग्नल आत ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणला जातो ती) ४५५ किलोहर्ट्झ असते, त्यामुळे ९५०० किलोहर्ट्झवरचं जोरदार स्टेशन तिच्या दुपटीने, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ खाली, ८५९० वरही हजेरी लावतं. तिसरी जात ओव्हरलोडची. पहिला ट्रान्झिस्टरच सिग्नलाने भरून जातो आणि स्टेशनांची आपसात बेरीज-वजाबाकी होते. ५५८ आणि १०४४ ही दोन्ही स्टेशनं जवळची असतील, तर १६०२ वर दोन्ही एकत्र बडबडताना ऐकू येतील. तिथे प्रत्यक्षात कोणीच नसतं.

ओळखायची कसोटी सोपी आहे: सिग्नल थोडा कमी करून बघा. १० डेसिबलने (सिग्नलच्या जोराचं माप) कमी केल्यावर खरं स्टेशन १० डेसिबलनेच पडतं, पण दोघांच्या बेरजेतून आलेलं भूत २० ने आणि तिहेरी मिश्रणातून आलेलं तब्बल ३० ने. म्हणजे भूत पटकन गायब झालं तर ओव्हरलोड. हवं आणि नको दोन्ही सारखेच पडले तर इमेज किंवा शेजारी, आणि तिथे सिग्नल कमी करून काही हाती लागणार नाही.

फिरवणं की आखडणं?

मीडियम वेव्हवर रेडिओ फिरवणं, शॉर्टवेव्ह आणि एफएमवर ओढायची अँटेना आखडणं. ही गल्लत फार होते. बहुतेक पोर्टेबलमध्ये मीडियम वेव्हचा सिग्नल आतल्या फेराइट रॉडवर (कॉइल गुंडाळलेली काळी कांडी) येतो. वरची ओढायची अँटेना पूर्ण मिटवली तरी त्याला काही फरक पडत नाही. रॉडचं टोक स्टेशनाकडे गेलं की ते सर्वांत क्षीण होतं, आणि हा बिंदू अगदी अरुंद असतो. त्यामुळे रेडिओ सावकाश, अंशाअंशाने फिरवा आणि शेवटी किंचित तिरका करून पाहा. नको असलेला सिग्नल पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंतच पोचत नसल्याने हा उपाय तिन्ही जातींवर चालतो. आमच्या मते मीडियम वेव्हवर याच्या आधी दुसरं काही करूच नये. मात्र हवं आणि नको स्टेशन एकाच रेषेत असतील, समोरासमोरच्या दिशांना असले तरी, दोन्ही एकदमच पडतील. लोखंडी सळ्यांच्या इमारतीत दिशा पुसट होते, आणि आकाशातून परतणाऱ्या रात्रीच्या लहरींवर हा बिंदू स्थिर राहत नाही.

अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) की वेव्ह ट्रॅप (एकच स्टेशन अडवणारा)?

बाहेरची लांब तार जोडली असेल तर खरी निवड इथे आहे. रेडिओवर लोकल-डीएक्स (जवळचं-दूरचं) स्विच असेल तर आधी तो लोकलवर टाका. नसेल तर अ‍ॅटेन्युएटर म्हणून १ किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) पुरतो: एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या ग्राउंडला, मधला पाय रेडिओला. कार्बनचाच घ्या, वायरवाउंड स्वतःच कॉइलसारखा वागतो. ओव्हरलोडवर हा उत्तम, पण तो सगळंच कमी करतो. ऐकायचं स्टेशन मुळातच क्षीण असेल तर तेही खरखरीत बुडतं.

गुन्हेगार एकच असेल तर ट्रॅप सरस, कारण तो त्यालाच अडवतो. २४० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ३६५ पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर (फिरवून बदलता येणारा) समांतर जोडा आणि ही जोडी तारेच्या वाटेत मध्ये घाला. एवढ्यात जवळपास सगळा मीडियम वेव्ह बसतो. १००० किलोहर्ट्झला गँग साधारण १०५ पिकोफॅरडवर येतो. एफटी-५०-६१ टोरॉइडवर (फेराइटची कडी) सुमारे ६० वेढे घेतले की कॉइल तयार. जुन्या रेडिओचा फेराइट रॉड कॉइल म्हणून वापरू नका, तो स्वतःच सिग्नल पकडतो. मग रेडिओ त्या त्रासदायक स्टेशनावर लावा आणि आवाज सर्वांत कमी होईपर्यंत गँग फिरवा.

ट्रॅप दोन ठिकाणी हमखास फसतो. एक, १० किलोहर्ट्झवरचा शेजारी; ट्रॅपची खाच तेवढी अरुंद नसते, हवं स्टेशनही खाली जातं. दोन, सिग्नल तारेऐवजी थेट आतल्या फेराइट रॉडवर येत असेल तर. आणि शॉर्टवेव्ह ऐकताना मीडियम वेव्हची तीन-चार स्टेशनं छळत असतील तर ट्रॅपची माळ लावण्यापेक्षा सुमारे १.८ मेगाहर्ट्झच्या खालचं सगळं रोखणारा हाय-पास फिल्टर बरा.

रेडिओ कधी बदलावा?

इमेजसाठी आणि शेजाऱ्यासाठी. ओव्हरलोडसाठी घाई नको.

इमेजवर डबल कन्व्हर्जन हवं, म्हणजे सिग्नल दोन टप्प्यांत दोन आयएफवर आणणारा रेडिओ. पहिली आयएफ ५५.८४५ मेगाहर्ट्झ असली की इमेज १११ मेगाहर्ट्झहूनही दूर जाते आणि सहज गाळली जाते. शेजाऱ्यावर अरुंद फिल्टर हवा. एसआय-४७३४ चिपवरच्या डीएसपी (सिग्नल डिजिटल पद्धतीने गाळणाऱ्या) रेडिओंत १ ते ६ किलोहर्ट्झपर्यंतच्या रुंदी निवडता येतात आणि त्यांची धार चांगली असते. पण लांब तार लावली की असे छोटे रेडिओ लवकर गुदमरतात. साइडबँड (स्टेशनाच्या मध्याच्या वरची किंवा खालची बाजू) निवडता येणारं सिंक्रोनस डिटेक्शन असेल तर शेजाऱ्याच्या उलट बाजूचा साइडबँड घ्या. जुन्याच रेडिओवर डायल १-२ किलोहर्ट्झ उलट बाजूला सरकवूनही थोडा फायदा मिळतो, तो आधी घेऊन बघा.

राहिलं एफएमवरचं आखडणं: तिथे पूर्ण अँटेना साधारण ७५ सेंटिमीटर भरते. जवळ ट्रान्समीटर असेल तर १५ पुरते. बाहेरची अँटेना कोअ‍ॅक्स केबलने आणली असेल, तर नको असलेल्या १०० मेगाहर्ट्झच्या स्टेशनासाठी आरजी-५८ केबलचा ५५ सेंटिमीटरचा तुकडा ट्रॅप म्हणून रेडिओपाशी समांतर जोडा, दूरचं टोक उघडं ठेवा आणि ५-५ मिलिमीटर कापत जा. साधारण ४९-५० सेंटिमीटरला ते स्टेशन खाली बसतं. मात्र ही खाच रुंद असते, आसपासची एफएम स्टेशनंही दबतात.