१० मीटरसाठी छर्रा कोणता घ्यावा: रायफल, पिस्तूल आणि डब्यावरचे आकडे

वरणगावच्या कारखान्यात काडतुसं बनतात, हे भुसावळ-जळगाव पट्ट्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. त्यामुळे नेमबाजीचा नाद लागला की एक प्रश्न हमखास येतो: बंदुकीची दारू आणून काडतूस घरीच का भरू नये? शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे आणि .२२ ची रायफल बाळगायलाही परवाना लागतो, म्हणून तो विषय तिथेच संपतो. परवान्याविना शिकता येणारी आणि थेट ऑलिंपिकपर्यंत जाणारी वाट म्हणजे १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबानं शिशाचा छोटा छर्रा (पेलेट) सोडणारी बंदूक. अभिनव बिंद्राचं २००८ चं सुवर्ण आणि मनू भाकरचं २०२४ चं पिस्तुलातलं वैयक्तिक कांस्य याच अंतरावरचं आहे. बोअर (नळीचा आतला व्यास) ४.५ मिमी (.१७७ इंच) आणि शक्ती २० ज्यूलच्या आत असेल तर हवेच्या बंदुकीला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. विकत घेताना ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवावा.

इथे दारूची निवड नसते, छर्‍याची असते. धुळे, नंदुरबार, चाळीसगाव अशा ठिकाणी जवळपास मोठं दुकान नसलं की डबे मागवावे लागतात, आणि चुकीचा डबा आला तर महिनाभर तोच झाडत बसावं लागतं. म्हणून मागवण्याआधी नीट विचार केलेला बरा.

लक्ष्याचं गणित आधी

रायफलच्या लक्ष्यावर १० गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ २.५ मिमी रुंद. छर्‍याची कड ठिपक्याला लागली की १०, म्हणजे छर्‍याचं केंद्र मध्यापासून २.५ मिमीच्या आत पडायला हवं. गुण दशांशात मोजतात तेव्हा प्रत्येक ०.१ साठी ०.२५ मिमीचा हिशेब आहे. पिस्तुलाचा १० मात्र ११.५ मिमीचा, वर्तुळं ८ मिमी रुंद, म्हणजे केंद्र ८ मिमीपर्यंत सरकलं तरी १० मिळतो.

निवडीचा सगळा निकाल २.५ आणि ८ मिमी या दोन आकड्यांत आहे. समजा एखादा छर्रा तुमच्या नळीतून केंद्र ते केंद्र ४ मिमीचा ग्रुप देतो, म्हणजे एकाच जागी नेम धरून झाडलेल्या शॉटांत सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर ४ मिमी येतं. रायफलवाल्याचे त्यात दशांशाचे बरेच गुण जातात, कारण त्याचा स्वतःचा हात वेगळा हलतच असतो आणि दोन्ही चुका एकमेकींत मिसळतात. पिस्तुलवाल्याला तोच ग्रुप बहुतेक जाणवणारसुद्धा नाही. तेव्हा छर्‍यावर पैसे आणि वेळ घालवायचा तर तो आधी रायफलवर. पिस्तूल शिकणार्‍यानं पहिलं वर्षभर साधा, एकसारखा, चपट्या तोंडाचा छर्रा घ्यावा आणि उरलेले पैसे प्रशिक्षकाकडे द्यावेत.

तोंडाचा आकार

याला फार वेळ द्यायला नको. १० मीटरला चपट्या तोंडाचाच घ्यायचा. तो कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतो आणि गुण मोजताना वाद होत नाही. गोल डोक्याचा छर्रा २५-३० मीटरच्या पुढे हवा चांगली कापतो, पण १० मीटरला त्याचा फायदा शून्य आणि भोक फाटकं. टोकदार छर्रे दुकानात सर्वांत पुढे मांडलेले असतात. टोक जरा वाकडं असलं तरी छर्रा भरकटतो, म्हणून ते नकोच. लोखंडी गोळ्या तर रायफलिंग (आतल्या पिळदार खाचा) असलेल्या नळीत कधीही घालू नयेत, त्या आतली खाच घासतात आणि भिंतीवरून उलट डोळ्याकडे येतात.

  

वजन: ०.५३ की ०.४५

मॅच (स्पर्धेच्या) रायफलचा रूढ छर्रा ०.५३ ग्रॅमचा. पिस्तुलासाठी ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचे मिळतात. आरडब्ल्यूएस कंपनीच्या आर-१० आणि माइस्टरकुगेल्न या दोन्हींत रायफलचा ०.५३ आणि पिस्तुलाचा ०.४५ असे वेगळे डबे येतात. एच अँड एन कंपनीच्या फिनाले मॅचमध्ये पिस्तुलाचा ०.४९ चा असतो.

पिस्तुलात हवा कमी आणि नळी आखूड. हलका छर्रा नळीतून लवकर सुटतो, त्यामुळे ट्रिगर दाबल्यावर मनगट हललं तरी परिणाम थोडा कमी होतो. रायफलमध्ये ०.५३ चा छर्रा सुमारे १६८ मीटर प्रतिसेकंद वेगानं सुटला तर शक्ती ७.५ ज्यूलच्या आसपास येते. एवढी शक्ती १० मीटरला भरपूर आहे. वेग जास्त म्हणजे नेम चांगला, हा समज डब्यावरच्या जाहिरातीतून येतो. १० मीटरला वेगापेक्षा प्रत्येक छर्‍याचा वेग सारखा असणं महत्त्वाचं.

वजन बदललं की झिरो (नेम धरला तिथेच छर्रा पडावा म्हणून साइटची केलेली जुळणी) बदलतो, आणि नवखे इथेच गोंधळतात. त्याच रायफलमध्ये, तेवढ्याच शक्तीला, ०.५३ च्या जागी ०.४५ घातला तर वेग साधारण ८ टक्क्यांनी वाढतो. १० मीटरवर छर्रा १७ मिमीच्या आसपास खाली येतो तो आता १५ च्या आत येतो. म्हणजे अडीच मिमीचा फरक, रायफलच्या लक्ष्यावर पूर्ण एक वर्तुळ. सरावाला एक डबा आणि स्पर्धेला दुसर्‍याच वजनाचा डबा काढला, तर पहिले पाच-सहा शॉट साइटचे क्लिक (जुळणीचे स्क्रू) फिरवण्यातच जातात. सराव स्वस्तावर करायचा असेल तर निदान वजन तेच ठेवा.

डोक्याचा व्यास: नळी काय मागते

डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. हा छर्‍याच्या डोक्याचा व्यास. मागचा पातळ घेर हवेच्या दाबानं फुलून नळीला चिकटतो, पण छर्रा नळीत सरळ राहतो तो डोक्यामुळे. डोकं सैल असलं की छर्रा किंचित तिरका जातो, घट्ट असलं की ब्रीचमध्ये (नळीच्या मागच्या तोंडात) ढकलताना घेर चेपतो. कोणता आकडा चांगला, याचं सर्वांना लागू पडणारं उत्तर नाही. एकाच कंपनीच्या दोन नळ्यांना वेगवेगळे आकडे लागू पडतात.

अंदाज बोटानंही घेता येतो. छर्रा ब्रीचमध्ये ठेवल्यावर अंगठ्याच्या हलक्या दाबानं, थोडासा अटकाव देत बसला तर ठीक. आपोआप आत पडला तर पुढचा आकडा मागवा. नखानं रेटावा लागला तर खालचा. देशी ब्रेक-बॅरल (नळी मोडून स्प्रिंग ताणायच्या) बंदुकांच्या नळ्यांत फरक बराच असतो, तिथे ही बोटाची परीक्षा आधी करावी, मगच महागडा डबा घ्यावा.

स्वस्त डबा की मॅचचा

प्रशिक्षणाच्या डब्यात ५०० छर्रे सुटे भरलेले असतात. प्रवासात ते एकमेकांवर आपटतात आणि घेर वाकडे होतात. डबा उघडून २०-२५ छर्रे पांढर्‍या कागदावर उभे करून पाहा. घेर अंडाकृती दिसला, कडेला शिशाची कुसळ दिसली, तर ते बाजूला काढा. महागड्या मॅच छर्‍यांत काही फोमच्या खाचांत एकेक बसवलेले येतात, त्याचं कारण हेच. पैसे एका बाजूनं धातूच्या एकसारखेपणाचे आणि दुसर्‍या बाजूनं या पॅकिंगचे.

रोज १०० शॉट, आठवड्यातून पाच दिवस, एवढा सराव असला तर महिन्याला चार डबे लागतात. ते सगळे मॅचचे घेणं बहुतेक घरांना झेपणार नाही आणि गरजही नाही. तुमचा उभ्यानं झाडलेला ग्रुप २५-३० मिमीचा आहे तोवर छर्‍यानं घातलेला एक-दोन मिमीचा फरक दिसणारच नाही. तो १२-१५ मिमीवर आला की स्पर्धेसाठी नळीला जुळणारा मॅच छर्रा निवडा.

चाचणी कशी करायची

तीन-चार प्रकारचे डबे, किंवा क्लबमधल्या मित्रांकडून प्रत्येकी २५-३० छर्रे गोळा करा. नळी आधी फेल्टच्या पेलेटनं (नळी पुसायच्या मऊ लोकरी गोळीनं) पुसा. प्रकार बदलला की पहिले दहा शॉट मोजू नका, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो आणि नवा छर्रा रुळायला तेवढे शॉट लागतात. पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल असेल तर वाळूच्या पिशव्यांवर किंवा पकडीत धरा आणि प्रत्येक प्रकाराचे ५ शॉटचे चार ग्रुप झाडा. एकाच ग्रुपवर निर्णय घेऊ नका, नशिबानं एखादा सुंदर ग्रुप कुठल्याही छर्‍याला पडतो.

व्हर्नियरनं भोकाची बाहेरची रुंदी मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. बाहेरून ७ मिमी आलं तर ग्रुप २.५ मिमीचा, कामाचा. ६ च्या आत सातत्यानं आलं तर पुढे शोधत बसू नका. त्या डब्याच्या मागचा लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) पाहा आणि परवडतील तेवढे त्याच लॉटचे डबे घ्या, कारण नाव तेच असून लॉट बदलला की ग्रुप बदलू शकतो.

ब्रेक-बॅरल स्प्रिंग बंदूक मात्र पकडीत घट्ट आवळू नका. आतला पिस्टन स्प्रिंगच्या जोरानं पुढे धावताना तिला मागे-पुढे हलू द्यावं लागतं. पिशवीवर तळहात, तळहातावर बंदूक, एवढंच. या बंदुकांत फार हलका छर्रा घातला तर पिस्टनपुढे पुरेसा अटकाव राहत नाही, तो आपटतो आणि स्प्रिंग व सील लवकर जातात. फार जड घातला तर पिस्टन उसळी खातो. ०.५ ग्रॅमच्या आसपासचा, जरा घट्ट बसणारा छर्रा तिला मानवतो. नळी पुसताना एकच फेल्ट झाडू नये, त्याचं वजन नगण्य असतं. दोरीनं ओढून पुसावी.

खान्देशातला उन्हाळा आणि पावसाळा

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो. शिशाच्या छर्‍याला ऊन काही करत नाही, पीसीपीच्या हवेच्या सिलिंडरला करतं. सकाळी २५ अंशांत २०० बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६० अंशांवर गेला तर दाब २२० च्या पुढे चढतो. उन्हाळ्यात १८० वरच थांबा आणि सिलिंडर गाडीत ठेवू नका. सिलिंडरवर कोरलेली मुदतही तपासा.

काळ्या मातीची बारीक धूळ डब्यात जाते, तिथून ब्रीचच्या ओ-रिंगवर (हवा अडवणाऱ्या रबरी कडीवर). एका वेळी ५०-६० छर्रे छोट्या झाकणाच्या डबीत काढून घ्यावेत, मोठा डबा बंद राहू द्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या डब्यातल्या शिशावर पांढरी पूड धरते. असा छर्रा नळीतून सारखा जात नाही आणि ती पूड विषारी असते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी, पांढरे पडलेले छर्रे झाडूही नयेत आणि हातानं घासूही नयेत.

भरताना छर्रा ओठांत धरण्याची सवय अनेक मुलांना लागते, ती पहिल्याच दिवशी मोडावी. झाडून झाल्यावर थंड पाण्यानं आणि साबणानं हात धुवावेत, त्याआधी बिस्किटाला हात लावू नये. लक्ष्यामागे ४५ अंशांत वाकवलेली पोलादी पाटी किंवा चिंध्या गच्च भरलेलं खोकं ठेवावं, आणि खाली पडलेलं शिसं कोरडं झाडू नये, ओल्या फडक्यानं गोळा करून भंगारवाल्याला द्यावं. घरच्या चुलीवर ते वितळवून नवे छर्रे ओतायचा प्रयोग कुणी करू नये. ओतलेला छर्रा एकसारखा येत नाही आणि धूर घरातल्या लहान मुलांच्या श्वासात जातो.